कालमुरात मास्तरांची उत्तरं

१

मेलेल्या माणसाचं उत्तर ताजीगुलच्या फोनवर आलं, तेव्हा ती त्याच्याच घरी, त्याच्याच बायकोच्या हातचा चहा पीत बसली होती.

कोचकोर गावी ती आली होती ती कालमुरात मास्तरांना भेटायला. राजधानीतल्या एका विद्यापीठाची गणित-शिक्षकांसाठीची ऑनलाइन पदवी होती. तिची मान्यता संपत आली होती, आणि ती पुढे चालू ठेवावी की नाही हे ताजीगुलच्या अहवालावर ठरणार होतं. उभा जन्म शाळेत गणित शिकवून ती या परीक्षकाच्या कामाला लागली होती. अशा पदव्या तिनं ढीगभर पाहिल्या होत्या. पडद्यावर चार चित्रं, खाली चार प्रश्न, कसंही उत्तर दिलं तरी 'शाबास'. या पदवीचेही बाकीचे विषय तसलेच, पाण्यात पीठ कालवल्यासारखे. पण विद्यार्थ्यांशी बोलताना एक नाव मात्र पुन्हा पुन्हा येत होतं.

"एजे," मॉस्कोच्या एका गोदामात खोकी उचलणारी पोरगी पडद्यावरून तिला म्हणाली होती. मोठ्या बहिणीला म्हणावं तसं एजे. "शाळेत मला कोणी नावानं हाक मारली नाही कधी. मास्तर मारतात. चुकलं तर झापतातही. आईशप्पथ, त्यांच्या भीतीनं मी जेवायच्या सुट्टीत गणितं सोडवते."

अशा मास्तराला प्रत्यक्ष बघायचं होतं. पण मास्तर काही पडद्यावर येईनात. विभागाचे संचालक एसेनतुर म्हणाले, "तब्येत नाजूक असते हो त्यांची. परवाच बोललो मी." ताजीगुल हट्टी बाई. सकाळी निघताना तिनं विद्यार्थी म्हणून खोट्या नावानं मास्तरांना एक प्रश्न पाठवला आणि भाड्याच्या मोटारीत चार अनोळखी माणसांबरोबर दाटीवाटीनं बसून कोचकोर गाठलं.

दार एका म्हातारीनं उघडलं.

"मास्तर आहेत का, आपा?"

"आहेत की." म्हातारीनं हनुवटीनं गावाबाहेरची टेकडी दाखवली. तिथं मातीच्या कबरी दिसत होत्या. "दीड वर्ष झालं, तिथून हललेले नाहीत. आत या, बाहेर वारं आहे."

आणि आता चहाचा घोट घशात असतानाच फोन थरथरला. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर होतं. चांगलं लांबलचक. शेवटी लिहिलं होतं: 'न कळल्यास पुन्हा विचारावं. लाजू नये. तुमचा, कालमुरात.'

२

म्हातारीचं नाव सोनुन. ताजीगुलनं फोन तिच्यापुढे धरला.

"आपा, हे तुम्ही लिहिलंत?"

सोनुन आपानं चष्मा लावला, दोनदा वाचलं. "मी सुईण होते गं. एक बाई आत जायची, दोन जीव बाहेर यायचे, एवढंच माझं गणित. हे कोण लिहितंय त्यांच्या नावानं?"

"तेच शोधतेय. मास्तर गेले हे विद्यापीठाला कळवलं होतंत?"

"कळवायचं कशाला? एसेनतुर स्वतः आला होता मयतीला. मोठ्यांदा रडला. कबरीवर माती लोटायला फावडं घेतलं ते सोडीचना. चाळिसाव्याच्या जेवणालाही आला. म्हणाला, 'आपा, पेपरात काही छापू नका, मास्तरांचे पाठ चालू ठेवू, त्यांचं नाव राहील.' मला बरं वाटलं. नाव राहतंय तर राहू दे."

परवाच बोललो मी, असं म्हणणारा तो एसेनतुर.

कोपऱ्यातल्या शिलाई-यंत्रावर एक जुना पडदावाला फोन टेकवून ठेवलेला होता. आपानं बोट लावलं आणि कालमुरात मास्तर खडू झाडत उभे राहिले. उंच, किडकिडीत, कोटाच्या बाह्यांना खडूची भुकटी.

"रोज लावते," आपा म्हणाली. "कळत काहीच नाही. पण बडबड ऐकायची सवय झालीय."

पडद्यावर मास्तर विचारत होते, "अर्ध्यानं भागलं तर संख्या वाढते. का बरं वाढते?" ताजीगुल पुढे सरकली. हाच प्रश्न तिनं सकाळी मुद्दाम पाठवला होता, कारण यात भले भले मास्तर घसरतात. मास्तरांनी टेबलावरची गोल भाकरी उचलली, आणि तेवढ्यात आवाज गेला. चित्र गोठलं. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. मग एकदम हलले तेव्हा भाकरी गायब होती आणि ते म्हणत होते, "आता डोक्यात गेलं ना?"

"हे असंच आहे," आपा म्हणाली. "पोरांना त्यांनी भाकरीचे तुकडे करून दाखवलंय, पण ते नेमकं उडालं. त्यांच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे ते. मयतीच्या जेवणात त्यांचे विद्यार्थी भाकरी मोडत तेच म्हणत होते. आणि रडत होते."

ताजीगुलनं फोनवरचं उत्तर पुन्हा वाचलं. भाकरी कुठंच नव्हती. लिहिलं होतं: 'पाहुण्याला आपण पियाला कधी भरून देत नाही, अर्धाच देतो. किटलीत तीन पियाले चहा असेल तर तो तिघांना पुरेल की सहांना?'

सुंदर होतं. पण हे मास्तरांचं नव्हतं.

३

"तुम्ही दर्जा तपासायला आलात की माणसं मोजायला?" एसेनतुर हसत म्हणाला. खोलीत नव्या रंगाचा वास होता. मान्यता देणाऱ्या समितीसाठी भिंती रंगवल्या होत्या.

"माती कोणी लोटली, एसेनतुर? फावडं तुमच्याच हातात होतं ना?"

हसू हळूहळू उतरलं. तो उठला, दार लावून आला. पुन्हा बसला तेव्हा एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

"नियम आहे, एजे. पदवी चालवायची तर डॉक्टरेटवाला माणूस पाहिजे. या पगारात कोण डॉक्टरेटवाला येतो? एक होता, तो मेला. बहुतेक पाठ चित्रित करून ठेवलेलेच होते. म्हटलं, नवा मिळेपर्यंत चालू दे. मिळालाच नाही."

"आणि उत्तरं कोण लिहितं?"

"देवाशपथ माहीत नाही."

"काय?"

"मी विचारलंच नाही." त्यानं हात पसरले. "मास्तर गेल्यावर मला वाटलं, आता आठवड्याभरात बोंब होणार. झालीच नाही. पोरांना उत्तरं येत राहिली, गुण भरले जात राहिले. यायची थांबली असती तर विचारलं असतं. आमच्या संगणकवाल्या पाकनं उत्तरं देणारं काहीतरी यंत्र बसवलं असेल. नाहीतर ती नुरझात, मास्तरांची जुनी लाडकी विद्यार्थिनी, आता इथंच कामाला आहे. तुम्हीच सांगा, विद्यार्थ्यांच्या शंकांना मिळणारा प्रतिसाद या रकान्यात तुम्ही काय भरलंय?"

कोचकोरला जाण्याआधीच ताजीगुलनं तिथं 'उत्तम' भरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

"उत्तम भरलंय ना? मग तेच ठेवा. खोटं थोडंच आहे?" एसेनतुर पुढे वाकला. "तुम्ही हे उकरलंत तर नुसता मी नाही जाणार. मास्तर गेल्यानंतर जेवढ्यांना पदव्या मिळाल्या, त्या सगळ्या रद्द. पोरी गावोगाव शाळांत लागल्यात. त्यांना काय सांगाल?"

४

विताली पाक हा विद्यापीठाचा संगणकवाला. डोळे तांबारलेले, कपात कालचा चहा. यंत्राचं नाव काढताच तो खिदळला.

"माझ्या यंत्रानं दिली असती ना एजे, तर उत्तरं डोळ्याचं पातं लवायच्या आत आली असती. आणि गोड गोड आली असती. ही बघा." त्यानं एक जुनं उत्तर काढलं: 'हे तू मैत्रिणीचं बघून उतरवलंस. तिची चूकही उतरवलीस. लाज वाटू दे थोडी. पुन्हा कर, मी थांबतो.' पाक म्हणाला, "यंत्र असं थांबत नाही कोणासाठी. ही उत्तरं कुठल्यातरी फोनवरून येतात. बहुतेक दुपारची, जेवणं झाल्यावर, एकदम गठ्ठ्यानं."

"कोचकोरच्या घरून?"

"तिथून रोज पाठ उघडले जातात. लिहिलं काहीच जात नाही."

म्हणजे सोनुन आपा खरं बोलली होती. राहिली नुरझात.

नुरझात उपाहारगृहात सूप पीत होती. तिशीची, डोळे सतत दाराकडे. ताजीगुल समोर बसली आणि काही न विचारता म्हणाली, "मला सांग, अर्ध्यानं भागलं तर संख्या का वाढते?"

नुरझात गोंधळली. पण तिचा हात आपोआप भाकरीकडे गेला. तिनं भाकरी मोडली, अर्धा तुकडा उचलला, आणि उचललेला हात तसाच राहिला. डोळे भरून आले.

"पुरे," ताजीगुल म्हणाली. "तू नाहीस ती. पण मास्तर गेले हे तुला माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत होतं, एजे. वरच्या मजल्यापासून झाडूवालीपर्यंत. माहीत नव्हतं ते फक्त विद्यार्थ्यांना आणि तुम्हाला. माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. तोंड उघडून कुठं जाऊ?"

ताजीगुल परत पाकच्या खोलीत आली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली, स्वतःशीच बोलावं तसं.

"मास्तरांच्या वर्गात बसलेला कोणीही असता, तर त्यानं भाकरी मोडली असती. त्या सगळ्यांच्या हातांनाच ती सवय आहे. हा लिहिणारा मोडत नाही, कारण त्यानं भाकरीचं कधी ऐकलंच नाही. मग भाकरी उडालेला पाठ कोणी ऐकला? ज्याच्याजवळ नुसता पडदा होता त्यानं. आवाज गेला तिथं त्यानं आपल्या डोक्यानं पियाला शोधला. लिहिणारा या पदवीचाच विद्यार्थी आहे, पाक. आणि मास्तर गेले तेव्हा बाकीच्यांच्या पुढे असलेला. आता आठव. मास्तर असताना सतत विचारणारं आणि ते गेल्यावर एकदम गप्प झालेलं कोण?"

पाकनं कप खाली ठेवला. त्याला यंत्र उघडावंसुद्धा लागलं नाही.

"बुरुलचा," तो म्हणाला. "सरोवराकाठच्या बालिकचीची. शेवटच्या वर्षाला होती. तिच्या शंकांनी मास्तरांची पेटी तुंबायची, मला दोनदा साफ करायला लागली. मग एकदम बंद. मला वाटलं, लग्न झालं असेल."

५

बालिकचीला सरोवरावरून वारा येतो तो कानशिलात मारल्यासारखा. बुरुलचा तिथल्या बालवाडीत कामाला होती. शिक्षिका म्हणून नाही, आया म्हणून. ताजीगुल पोचली तेव्हा मुलांची जेवणं होऊन गेली होती. लांबट खोलीत बुटक्या खाटांवर पोरं झोपली होती, आणि खिडकीशी एक मुलगी उकिडवी बसून फोनवर भराभर टाइप करत होती.

दुपारची, एकदम गठ्ठ्यानं.

"कालमुरात मास्तर?" ताजीगुल हळूच म्हणाली.

मुलगी दचकली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं, झोपलेल्यांकडे पाहिलं आणि बसायला खुळखुळ्यांची पेटी पुढे सरकवली.

"कोणीतरी येणार हे माहीत होतं," ती कुजबुजली. "एवढं वाक्य पुरं करू का? ती मॉस्कोत जेवायच्या सुट्टीत वाट बघत असते."

तिनं वाक्य पुरं केलं. मग सगळं सांगितलं, मध्ये मध्ये थांबून, कोणी कूस बदलली तर उठून पांघरूण घालून.

मास्तरांनी दवाखान्यातून तिला आपल्या खात्याचा परवलीचा शब्द पाठवला होता. 'हात चालत नाही, पोरी. आठवडाभर सगळ्यांच्या वह्या तू बघ. शंका विचारणाऱ्यालाच शंका कळतात.' आठवडा गेला. ती सफरचंदं घेऊन कोचकोरला गेली, तर दारात मांडव होता आणि बाया आक्रोश करत होत्या. आत जायची हिंमत झाली नाही. सफरचंदं घेऊन तशीच परत आली.

"परतीच्या मोटारीतच हे लिहिणं बंद करणार होते. पण तेवढ्यात कोणीतरी विचारलेलं आलं. साधंच. म्हटलं, एवढं सांगते आणि बंद करते. मग दुसरं आलं. एजे, विचारलेलं असं पडून राहिलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे. मास्तरांच्या आधी दोन वर्षं या पदवीत मला कोणी एक ओळ लिहिली नव्हती."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"कार्यालयातून मास्तरांच्या नावानं निरोप आला होता, गुण वेळेत भरावेत म्हणून. मेलेल्याला कोण असं लिहितं? म्हणजे त्यांना चाललंय, असं समजले."

"गुणही तूच भरलेस. तुझे?"

बुरुलचाची मान खाली गेली. "माझा शेवटचा पेपर माझ्याचकडे आला तपासायला. पाचपैकी तीन दिले. पाच द्यायची लाज वाटली. दोन म्हणजे नापास, ते द्यायचं धैर्य झालं नाही."

"पदवी मिळाली, तरी शाळेत का नाही लागलीस?"

"इथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरबसल्या पदवीला काही दर्जा असतो का? मग नाकं पुसायला ठेवलं." ती हसली. त्या हसण्यात कडवटपणासुद्धा नव्हता, म्हणून ताजीगुलला ते जास्त लागलं. "मास्तरांचे शेवटचे, संभाव्यतेचे पाठ तर चित्रित झालेच नव्हते. ते मी पुस्तकातून वाचून सगळ्यांना शिकवले. जमलं तसं."

एक पोर उठून रडायला लागलं. बुरुलचानं त्याला कडेवर घेतलं.

"एजे, तुम्ही काय लिहिणार आता?"

ताजीगुलनं त्या पोराचे बूट शोधून दिले.

६

तिनं खरं तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? मेलेल्या माणसाच्या सहीला 'उत्तम' म्हणणं तिच्या हातून झालं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की हा सच्चेपणा नव्हता, नुसती खोड होती.

पदवी बंद झाली. मास्तर गेल्यानंतरच्या सगळ्या पदव्या रद्द झाल्या. गावांतल्या शाळांनी पोरींना महिन्याच्या मधेच काढलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. कितीतरी वर्गांत गणिताचा तास मोकळा जायला लागला. एसेनतुरनं राजीनामा दिला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या एका विद्यापीठात दर्जा विभागाचा प्रमुख झाला. विद्यापीठानं पाठ काढून टाकले. सोनुन आपाचा फोन आला, "पडदा नुसता पांढरा झालाय गं, कुठलं बटण दाबू?" ताजीगुलनं पाठ पुसले गेल्याचं सांगितलं. आपानं, "बरं बरं," म्हणून फोन ठेवला.

समितीपुढे ताजीगुल एका गोष्टीसाठी भांडली. विद्यार्थ्यांचा दोष नाही; त्यांची नव्यानं परीक्षा घ्या, येत असेल त्याला पदवी द्या. समितीनं मान्य केलं, पण परीक्षा राजधानीत, समोर बसून. मॉस्कोतल्या पोरींना सुट्टी कोण देणार? सभागृहात बाकं भरभरून मांडली होती. आल्या त्या पहिल्या दोन रांगांत मावल्या. बुरुलचा दुसऱ्या रांगेत होती, पोरांच्या रंगांचे डाग पडलेला अंगरखा घालून.

उत्तरपत्रिका ताजीगुलनंच तपासल्या. पहिले प्रश्न बघून तिचा जीव सुपाएवढा झाला. पोरींना येत होतं, नुसतं पाठ नव्हतं, कळलेलं होतं. मग शेवटचा भाग आला, संभाव्यतेचा, आणि निम्मे गुण त्याच भागाला होते; पास व्हायला निम्म्याहून जास्त लागत. पिशवीत तीन पांढरे खडे, दोन काळे. एकामागून एक दोन काढले, तर दोन्ही काळे असण्याची शक्यता किती? पहिलीनं चुकीचं लिहिलं होतं. दुसरीनंही. तिसरीनंही, अगदी तेच चुकीचं. ताजीगुल एकेक पान उलटत गेली. निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या वळणांची अक्षरं, आणि सगळ्यांत तीच एक चूक, प्रेमानं शिकवलेली, नीट समजावून सांगितलेली. पुढची गणितंही त्याच रस्त्यानं गेली होती.

एकही पास झाली नाही. बुरुलचासुद्धा.

निकाल लागला तेव्हा ती रडली नाही. बाकीच्या गेल्यावर भिंतीशी उभी राहिली, ताजीगुल बाहेर येईपर्यंत.

"एजे, खड्यांचं काय चुकलं? पाचांत दोन काळे. दुसऱ्या वेळीही पाचांत दोन. त्यांचा गुणाकार केला."

"पहिला खडा काढलास तो कुठे गेला?"

"हातात."

"परत पिशवीत टाकलास?"

"नाही…" बुरुलचाचे डोळे मोठे झाले. कोणी आणखी काही सांगायची गरज नव्हती. "मग पिशवीत चारच राहिले. आणि त्यांत काळा एकच. आई गं. किती साधं आहे." क्षणभर तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता, कळल्याचा. मग तो आनंद विझला.

तिनं फोन काढला, मास्तरांच्या नावानं आत शिरायला बघितलं. पुन्हा बघितलं. ते दार बंद होऊन महिने झाले होते.

"इतक्याजणींना मी उलटं सांगितलं," ती म्हणाली. "ज्या आल्या नाहीत त्यांनाही. त्या पुढे पोरांना तेच शिकवतील. एजे, त्यांना मी आता कुठे कळवू?"